दुसरा रिमोट कोणाच्या हातात?

हल्ली पालकसभेत मार्कांच्या आधी मोबाइलचा विषय निघतो. "मॅडम, पोराला कोणता गेम दिला तर चालेल?" हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक अम्मीच असतात. अब्बा कामावर असतात, नाहीतर शाळेच्या फाटकापाशी स्कूटरवर बसून फोन बघत असतात. या बायकांना यादी हवी असते. हे चालेल, हे चालणार नाही. यादी मिळाली की जिवाला घोर नाही. त्यांचं मला काही चुकीचं वाटत नाही. पण अशी यादीच विकायला काढलेल्या एका यंत्राची हकीकत सांगितली, तर यादीवर किती भरोसा ठेवायचा हे थोडं उमजेल.

बार्बी बाहुल्या बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात टीव्हीला जोडायचा एक गेम विकून पाहिला. नाव इंटेलिव्हिजन, म्हणजे 'हुशार टीव्ही'. पुढच्या वर्षी तो अमेरिकाभर गेला आणि अटारी या मोठ्या कंपनीशी त्याची टक्कर सुरू झाली. १९८३ साली तिथला व्हिडिओ गेमचा बाजारच कोसळला आणि १९८४ मध्ये मॅटेलने या धंद्यातून अंग काढून घेतलं. नाव मात्र चाहत्यांच्या मनात राहिलं. २०१८ मध्ये टॉमी टॅलारिको या गेमसाठी संगीत देणाऱ्या माणसाने त्याच नावाच्या आधाराने नवं यंत्र जाहीर केलं, 'अमिको'. इटालियन भाषेत अमिको म्हणजे दोस्त.

या दोस्ताची ओळख करून देताना सगळ्यात जास्त बोललं गेलं ते नियमांबद्दल. सगळे खेळ लहान मुलांसमोर चालतील असेच असणार. खेळाची किंमत १० डॉलरच्या आत. एकदा विकत घेतला की आत पुन्हा पैसे मागणार नाही, जाहिराती दाखवणार नाही. घरातल्यांनी एकत्र बसून खेळायचं. आणि हे खेळ दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर मिळणार नाहीत. ऐकणाऱ्या आईबापांना वाटलं, चला, कोणीतरी आपली चिंता ओळखली.

तारीखही ऐटीत ठरली होती, १० ऑक्टोबर २०२०. ती पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. किंमत चढली. लोकांकडून १०० डॉलर अनामत घेऊन नोंदणी झाली, सर्वसामान्यांकडून गुंतवणूकही गोळा केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये टॅलारिको प्रमुखपदावरून बाजूला झाला. अमिको दुकानात काही आलं नाही. २०२३ मध्ये त्याचे मोजके खेळ एका मोबाइल ॲपवर आले. मुलांना मोबाइलमधून सोडवून दिवाणखान्यात आणायला निघालेलं यंत्र शेवटी मोबाइलमध्येच जाऊन बसलं, आणि 'दुसरीकडे मिळणार नाही' हा नियमही त्याबरोबर गेला. २०२४ मध्ये इंटेलिव्हिजन हे नाव आणि २०० हून जास्त जुने खेळ अटारीने, म्हणजे एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्याच्या नावाने चालणाऱ्या कंपनीने, विकत घेतले.

यंत्रं फसतात, धंदे बुडतात, त्याबद्दल कोणाची टर उडवण्यात मजा नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा. खेळायला हातात काहीच नसताना नुसत्या नियमांना एवढ्या टाळ्या कशा मिळाल्या?

यादी सोडवून बघू. तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पुडीत बांधल्या आहेत.

पहिली गोष्ट पैशाची. आत पैसे मागायचे नाहीत, जाहिरात नाही, नशिबाच्या पेट्या नाहीत. हा नियम शंभर टक्के योग्य आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वडिलांच्या फोनवरून एका गेममध्ये साडेतीन हजार रुपये घालवले होते. वडील रिक्षा चालवतात. मुलाने कोणाला मारलं नव्हतं, रक्त पाहिलं नव्हतं, त्याने फक्त रंगीत पेट्या उघडल्या होत्या. पेटीत काय निघेल ते आधी माहीत नसतं, म्हणून पुढची उघडावीशी वाटते. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, जुगार. मुळाक्षरं शिकवणाऱ्या एका ॲपवर मी अलिफ-बे दाखवत असताना मधेच रमीची जाहिरात आली होती. वरून पाक-साफ, आत हे.

दुसरी गोष्ट खेळात काय दिसेल याची. रक्त नको, शिव्या नकोत, नको ते कपडे नकोत. ऐकायला बरं वाटतं, पण ही चाळणी वरवरची आहे. अमिकोच्या यादीत 'मिसाइल कमांड' हा खेळ होता. मूळ खेळ १९८० चा, अटारीचा. आकाशातून क्षेपणास्त्रं येतात, खाली सहा शहरं असतात, ती वाचवायची. रक्ताचा एक थेंब दिसत नाही. पण तो खेळ जिंकता येत नाही. शेवटी सगळी शहरं जातात आणि पडद्यावर नेहमीच्या 'गेम ओव्हर'ऐवजी 'द एंड' अशी अक्षरं येतात. तो बनवणाऱ्या डेव्ह थ्युररला अणुयुद्धाची वाईट स्वप्नं पडायची. चाळणीतून हा खेळ सहज पार होतो, आणि झालाच पाहिजे, कारण मुलांशी बोलण्यासारखं त्यात खूप आहे. पण तो पार झाला म्हणजे तो निरुपद्रवी आहे असं समजणारी आई चाळणीच्या भरवशावर राहिलेली असते.

याच्याआधी निन्टेन्डोने हे करून पाहिलं आहे. १९८५ पासून अमेरिकेत तिच्या यंत्रात एक कुलूपवजा चिप असायची. कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट चालत नसे. बाहेरच्या प्रकाशकाला वर्षाला पाचच खेळ काढायची मुभा. रक्त नको, धार्मिक चिन्हं नकोत. १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' हा मारामारीचा खेळ निन्टेन्डोच्या यंत्रावर आला तेव्हा रक्ताच्या जागी राखाडी घाम उडायचा. ठोसे तेच, रंग मात्र बदलला. सेगाच्या यंत्रावर एक कोड दाबला की रक्त दिसायचं, आणि पोरांनी तिकडेच जास्त गर्दी केली. तरी निन्टेन्डोकडे नियमांच्या मागे 'मारिओ' होता, 'झेल्डा' होता. खेळ आवडले म्हणून लोकांनी नियम सोसले. अमिकोने नियम आधी पुढे केले आणि खेळांचा वायदा दिला.

तिसरी गोष्ट विकणाऱ्याच्या फायद्याची, पण ती मुलांच्या भल्याच्या पुडीत घुसवलेली. खेळ फक्त आमच्याकडेच विका, आम्ही ठरवलेल्या भावातच विका. रावेर-यावलच्या केळीवाल्याला कोणी सांगितलं, की तुझा माल फक्त माझ्या बाजारात आण, भाव मी ठरवेन त्याच्या वर जायचा नाही, आणि बाजार अजून बांधायचा आहे, तर तो काय म्हणेल? दहा डॉलरच्या आतला खेळ बनवणाऱ्याला पुष्कळ गिऱ्हाइकं लागतात. ज्या यंत्राला अजून एकही गिऱ्हाईक नाही त्याच्यासाठी तो वर्षभर का खपेल? आणि या नियमाने मुलाचं नेमकं काय भलं होतं, हे मला कोणी समजावून सांगावं.

आता आपल्याकडचं बघा. १९९३-९४ च्या सुमारास आमच्या खानदेशात जो टीव्ही गेम आला त्याला कसलाच नियम नव्हता. निन्टेन्डोचं १९८३ चं जपानी यंत्र कुलपाच्या चिपशिवायचं होतं, त्यामुळे त्याच्या नकला धडाधड निघाल्या. 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांनी त्या आपल्यापर्यंत पोचल्या. परवाना नाही, शिक्का नाही, कॅसेटवर '९९९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत वीसेक खेळ, तेच ते फिरून. धुळ्याला नानीच्या घरी मामूंनी मुंबईहून एक आणला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगावहून एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत आम्ही जायचो. एका खोलीत एक टीव्ही, दोन रिमोट (जॉयस्टिकला आम्ही रिमोटच म्हणायचो) आणि आठ पोरं.

'मारिओ'त दुसऱ्या खेळाडूला पहिला मरेपर्यंत थांबावं लागतं. माझा मामेभाऊ मरायचाच नाही. मी दुसरा रिमोट हातात धरून बसलेली असायचे, आणि माझी पाळी यायच्या आत जेवायला हाक यायची. मुलींना दुसरा रिमोट द्यायचा, म्हणजे त्या गप्प बसतात, हा त्या घरातला न लिहिलेला नियम होता. तो मोडला नानीने. तिला खेळातलं काही कळत नव्हतं, पण कोण किती वेळ बसलंय हे तिला बरोबर दिसायचं. "हर गेम के बाद रिमोट बदलेगा," एवढंच ती म्हणाली. मग आम्ही 'मारिओ' सोडून 'बॅटल सिटी'वर गेलो, ज्याला सगळे 'टँक' म्हणायचे. त्यात दोघं एकाच वेळी एकाच बाजूने लढतात, आणि चुकून आपल्याच साथीदाराला गोळी लागली तर तो थोडा वेळ जागच्या जागी थिजतो. त्यावरून जी भांडणं व्हायची! मुद्दाम मारलं की चुकून? शपथा, साक्षीदार, माफी. स्वतः नकाशा बनवायची सोयही त्यात होती. विटांच्या भिंती कुठे घालायच्या यावर आम्ही खेळण्यापेक्षा जास्त वेळ घालवायचो. अजान झाली की आवाज बंद, मग़रिबनंतर टीव्ही बंद. हे नियम कडकच होते, पण ते करणारी बाई समोर चौरंगावर बसलेली होती. तिच्याशी हुज्जत घालता यायची.

त्या काळाचं मी सोनं करत नाही. नानी नसती तर तो दुसरा रिमोट माझ्या हातात नुसता शोभेला राहिला असता. पण घरात ज्याची पाळी येत नाही त्याच्याकडे बघणारा माणूस लागतो, आणि ते काम कोणत्याही कंपनीच्या धोरणातून होत नाही.

आज दुसरा रिमोटच नाहीसा झाला आहे. मोबाइल एकाच्या हातात मावतो. सरकारने २ सप्टेंबर २०२० ला पब्जी बंद केला, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद केला. पोरं 'फ्री फायर मॅक्स'वर गेली, कारण तो चालूच होता. पब्जीच्या जागी २०२१ मध्ये बीजीएमआय आला तो नियम घेऊनच. १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, पालकाच्या नंबरवरून संमती, रक्ताचा रंग हिरवा. आठवीच्या वर्गात जन्मसाल विचारा. मोबाइलवर निम्मा वर्ग १९९८ साली जन्मलेला आहे.

म्हणून मला ऑगस्ट २०२५ चा केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा निदान दिशेने तरी बरा वाटतो. पैसे लावून खेळायच्या गेमना त्याने बंदी केली आणि बाकीच्यांना वेगळं काढलं. अंमलबजावणी कशी होते ते पुढे दिसेलच. पण कायद्याने आणि कंपनीने करायचं काम आहे ते हेच, वर सांगितलेलं पहिलं. मुलाच्या आडून बापाचा खिसा कापू न देणं. खेळ चांगला की वाईट, तो किती वेळ, कोणाबरोबर, हे काम घराचं आहे आणि ते आउटसोर्स होत नाही.

तरीही कोणाला यादीच हवी असेल तर माझी छोटी आहे. गेम विकत घेतल्यावर पुन्हा पैसे मागतो का? दोघांना एकत्र बसून खेळता येतो का? मधे थांबवला तर तो तुम्हाला सोडतो, की उद्या नाही आलास तर बक्षीस बुडेल अशी भीती घालतो? तिन्हींची उत्तरं दुकानदार देणार नाही, जाहिरातीत लिहिलेली नसतील. ती शोधायला अर्धा तास स्वतः खेळून बघावं लागेल.

इथे बऱ्याच अम्मी हसतात. "मॅडम, हम क्या खेलेंगे?" का नाही खेळणार? हरलात तर पोरगं खूश होईल, तुम्हाला शिकवायला बसेल. गोलाणी मार्केटमध्ये आजही दोन रिमोटवाले टीव्ही गेम दिसतात, आणि तेही नको असेल तर कॅरम आहेच. कोण्या दूरच्या कंपनीने आपल्या मुलांसाठी शुद्ध, स्वस्त, सुरक्षित खेळ पाठवावा म्हणून वाट बघण्यापेक्षा मग़रिबच्या आधीचा अर्धा तास काढा. आणि घरात मुलगी असेल तर तिची पाळी आली का, तेवढं बघा.