फार्मसीच्या पोरांना एकदा बदनापूरला न्या

आपल्या शहागड-अंबड पट्ट्यात आता गल्लीगल्लीत एक तरी पोरगं डी.फार्म. नाहीतर बी.फार्म. करतंय. नव्या कॉलेजांवर फार्मसी कौन्सिलनं घातलेली बंदी २०२२ ला सुप्रीम कोर्टात टिकली नाही, तेव्हापासून तर पाट्याच पाट्या. कॉलेजं वाढली याचं दुःख नाही. आत काय शिकवतात, ते बोलू.

बी.फार्म.च्या आठव्या सेमिस्टरला 'डिझाईन ऑफ एक्सपेरिमेंट' आहे. पोरं सूत्र पाठ करतात, पेपर देतात, विसरतात. आणि औषध बनवण्याचा खरा जीव तिथंच आहे, राव.

गोळीत बाइंडर वाढवला तर ती टणक होते, पण पोटात उशिरा फुटते. मशीनचा दाब वाढवला तरी तेच. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची का? शेतकऱ्याला विचारा. पाणी नसताना युरिया टाकून बघितला आणि म्हणाला 'युरियात दम नाही', तर त्याला काय म्हणाल? युरियाचा गुण पाण्यावर अवलंबून. तसाच बाइंडरचा गुण दाबावर. म्हणून दोन्ही एकत्र बदलून बघावं लागतं. तीन घटक, प्रत्येकाची कमी-जास्त अशी दोन मापं, तर आठ बॅच. पाच घटक तीन-तीन मापांत घेतले की २४३! एवढा माल कोण फुकट घालवणार? म्हणून आधी चाळणी लावायची. १९४६ साली प्लॅकेट आणि बर्मन यांनी दिलेल्या पद्धतीत बारा बॅचमध्ये अकरा घटक तपासता येतात.

ही विद्या लॅबमध्ये जन्मली नाही, वावरात जन्मली. रोनाल्ड फिशर १९१९ ला इंग्लंडच्या रोथमस्टेड शेती केंद्रात गेले, तिथं पिकांच्या प्रयोगांतून ती घडली. आपल्याकडं ती रुजवणाऱ्यांत पानसे आणि सुखात्मे ही दोन मराठी माणसं. त्यांचं १९५४ चं पुस्तक शेतीच्या पोरांना आजही 'पानसे-सुखात्मे' म्हणूनच माहीत आहे. आणि बीडीएन-७११ तूर तुमच्यापैकी अनेकांनी पेरली असेल. ती आपल्याच जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राची. अशा चाचणीत कोणता वाण कोणत्या प्लॉटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि प्रत्येक वाण पुन्हा पुन्हा लावतात. कारण बांधाकडची जमीन वेगळी, मधली वेगळी. गोळीचंही तसंच. सकाळचा दाणा कोरडा, पावसाळी संध्याकाळचा ओलसर.

आता एम.फार्म.चे प्रबंध बघा. मी चाळलेल्या बहुतेकांत तेच तीन बाय तीनचं डिझाईन, नऊ बॅच, रंगीत आलेख, आकडे इतके गुळगुळीत की शंका यावी. क्रम बदलून केलं का, पुन्हा करून बघितलं का, याचा पत्ता नाही. कॉलेजांची नावं घेत नाही, सगळीकडं थोडंफार हेच.

ही सवय पुढं कारखान्यात जाते. २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएनं वाळूजच्या वोक्हार्ट कारखान्यातल्या औषधांच्या आयातीवर बंदी आणली, जुलैच्या इशारापत्रात नोंदींच्या खरेपणावरच बोट ठेवलं. ती नोंद करणारे कामगार कुठं शिकले हा प्रश्न नाही. पण वाळूज, चिकलठाण्याच्या नोकऱ्यांवर आपल्या भागातली किती घरं डोळे लावून आहेत, हे सांगायला नको. आणि या प्रयोगांवरूनच ठरतं की दाब, ओलावा किती इकडंतिकडं झाला तरी गोळी चांगलीच राहील. प्रयोग खोटा तर ती हद्दही खोटी. गोळी तुमच्या आईच्या बीपीची.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अंबड, जालन्याच्या कॉलेजांनी विद्यापीठाशी बोलून पोरांची एक सहल बदनापूरला काढावी. सॉफ्टवेअर नंतर. आधी प्लॉटच्या खुंट्या बघू द्या, चिठ्ठ्या टाकू द्या, तूर तोलू द्या. ऑगस्टात पीक उभं असतं, डिसेंबर-जानेवारीत काढणी. दोन्ही वेळेला न्या. एका एसटीचं तर भाडं.