धक्क्याला बांधलेली नौका आणि रात्रीचा मुक्काम

भोपाळ शहर पश्चिमेच्या मोठ्या तलावापासून पूर्वेच्या गोविंदपुरा औद्योगिक वसाहतीपर्यंत पसरलेले आहे. त्याच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा याच तलावातून येतो. २००२ साली रामसर यादीत समाविष्ट झालेल्या या भोज पाणथळ क्षेत्रात मोटारबोटी व क्रूझ चालवण्यास राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२३ मध्ये मनाई केली. जेथे इंजिनाचे तेलच नको, तेथे नौकेवरील मुक्कामाची चर्चा आपोआप संपते.

गोव्याला इतका सरळ निर्णय घेता येणार नाही. मांडवी, शापोरा या भरती-ओहोटीच्या नद्या आणि त्यांवर पोसलेला पर्यटन व्यवसाय पाहता बंदी हा येथे उपाय नव्हे. मात्र नियमांचा सारा भर चालत्या नौकेवर असतो. नोंदणी, तपासणी, प्रदूषण प्रतिबंध यांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी १९८२ चा गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा. भाड्याच्या खासगी धक्क्याला बांधलेल्या नौकेत झोपलेला माणूस प्रवासी समजायचा की पाहुणा? धक्क्याचा मालक भाडे घेतो, नौकामालक परवाना दाखवतो, आरक्षण तिसराच करतो. अपघात झाला की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

बांधलेली नौका सुरक्षित असते, हा समजही भाबडा आहे. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी पहाटे श्रीनगरच्या दल सरोवरात पाच हाउसबोटी जळाल्या आणि तीन बांगलादेशी पर्यटकांचा बळी गेला. त्या नौका कोठेही चालल्या नव्हत्या. केरळात हाउसबोटी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास थांबवतात, कारण त्यानंतर पाण्यात मच्छीमारांची जाळी पडतात. दुसऱ्याच्या पोटाचा विचार करणारा हा नियम गोव्यानेही उचलण्याजोगा आहे.

परवाना नौकेबरोबर धक्क्यालाही हवा. सांडपाण्याची टाकी कोठे रिकामी होते, वीज कोठून घेतली आहे, दोन नौकांत अंतर किती, रात्री जागा राहणारा खलाशी कोण आणि मुक्कामाला कोण आहे, याची नोंद धक्क्यावरच तपासता आली पाहिजे. पावसाळ्याचा विचार तर वेगळाच करावा लागेल. जुलै २०१७ मध्ये ‘लकी सेव्हन’ हे कॅसिनो जहाज मिरामारच्या वाळूत रुतले, ते ऐन पावसाळ्यातच. जून ते सप्टेंबर नौकेवरील मुक्काम बंद ठेवल्यास व्यावसायिक कुरकुर करतील. ती ऐकून घेऊनही बंदर कप्तान खात्याने या चार महिन्यांचा निर्णय हंगाम सुरू होण्यापूर्वीच जाहीर करावा.