आयसीयूत रात्री डॉक्टर कोण, हे पाटीवर लिहा

मध्यरात्री छातीत कळ आली, साप चावला किंवा फवारणी करताना विषबाधा झाली, की लासूर स्टेशनहून गाडी सहसा छत्रपती संभाजीनगरकडे निघते. गंगापूर तालुक्यातली ही मोठी बाजारपेठ. दवाखाने आहेत, दिवसा डॉक्टरही भेटतात. पण पेशंट गंभीर झाला की बहुतेकांना शहर गाठावे लागते. गाडीत बसल्या बसल्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि त्यात दोनच प्रश्न असतात : बेड आहे का आणि कार्ड चालेल का? आयसीयूत डॉक्टर कोण आहे, हे क्वचितच कुणी विचारते.

गुडघ्याचे ऑपरेशन करायचे असेल तर आपण चार ठिकाणी चौकशी करतो, पाहुण्यारावळ्यांना विचारतो. आयसीयूत मात्र तशी निवड नसते. जो ड्यूटीवर असेल तोच आपला डॉक्टर. म्हणूनच त्याची पात्रता आधीच उघड लिहिलेली असायला हवी, असे आमचे म्हणणे आहे.

नावापुढच्या अक्षरांचा अर्थ

अतिदक्षता विभागाच्या तज्ज्ञाला इंटेन्सिव्हिस्ट म्हणतात. तो बहुधा आधी मेडिसिन किंवा भूलशास्त्रातला एमडी असतो. भूलतज्ज्ञ इथे कसे, असे अनेकांना वाटते. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानेच श्वास बंद पडत चाललेल्या रुग्णांना हाताने हवा देऊन जगवण्याची पद्धत रुजवली. आजचे आयसीयू त्यातूनच उभे राहिले.

एमडीनंतर 'डीएम क्रिटिकल केअर' किंवा 'डीआरएनबी क्रिटिकल केअर' ही या विषयातली सर्वोच्च मान्यताप्राप्त पदवी. 'आयडीसीसीएम' ही अक्षरे दिसली, तर ती इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या डॉक्टरांच्या संघटनेची पदविका असते. सरकारी मान्यतेच्या यादीतली ती पदवी नव्हे. पण तिच्यासाठी आयसीयूत प्रत्यक्ष काम करून परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे तिला कमी लेखू नये. जिल्ह्याच्या ठिकाणी डीएम झालेले तज्ज्ञ मोजकेच मिळतात. तिथे अनुभवी एमडी आणि जोडीला ही पदविका, हेही चांगले लक्षण मानावे.

खरी अडचण रात्रीची आहे. पाटीवर मोठ्या डॉक्टरांचे नाव असते. ते सकाळ-संध्याकाळ राउंड घेतात. रात्री दोन वाजता रक्तदाब कोसळला तर खाटेजवळ कोण असते? अनेक लहान खासगी रुग्णालयांत आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर रात्रपाळी सांभाळतात, हे वैद्यकीय क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यातले कितीतरी जण मेहनती असतात, त्यांच्यावर राग नाही. पण होमिओपॅथीची नोंदणी असलेल्याने ॲलोपॅथीचे उपचार करणे हा निष्काळजीपणाच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात बजावले होते. नंतर राज्याने ब्रिज कोर्सची वाट काढली आणि त्यावरून वाद आजही सुरू आहे. तो वाद डॉक्टरांच्या संघटना लढतील. आयसीयूचे बिल भरणाऱ्याला मात्र रात्री कोण होते, हे कळण्याचा हक्क आहे.

तपासायची सोय आहे. राज्यातल्या प्रत्येक ॲलोपॅथी डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर मोबाइलवरूनही पाहता येतो.

कार्ड कुठे चालते?

अमेरिकेत विमा कंपनीशी करार डॉक्टर स्वतंत्रपणे करतो. तिथे रुग्णालय विम्याच्या यादीत, पण आयसीयूतला डॉक्टर यादीबाहेर, असे घडायचे आणि घरी वेगळे बिल यायचे. २०२२ पासून कायद्याने त्याला लगाम घातला. आपल्याकडे करार मुख्यतः रुग्णालयाशी असतो. त्यामुळे 'हे डॉक्टर कार्ड घेतात का' यापेक्षा 'हे रुग्णालय या आजारासाठी यादीत आहे का' हा प्रश्न योग्य.

'या आजारासाठी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयाला विशेषोपचारांनुसार मान्यता मिळते. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी यादीत असलेले रुग्णालय गंभीर मेडिसिनच्या पेशंटसाठीही असेलच असे नाही. गाडी दारात लागल्यावर हे कळते आणि पुन्हा दुसरे रुग्णालय शोधावे लागते. निघण्याआधी १५५३८८ या क्रमांकावर विचारलेले बरे.

ही योजना जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता पांढऱ्या शिधापत्रिकेसह सगळ्यांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. पॅकेजमध्ये खाट, डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधे, जेवण सगळे धरलेले असते. त्यामुळे 'बाहेरून आलेल्या तज्ज्ञांची व्हिजिट वेगळी' असे सांगून कुणी पैसे मागितले, तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठून तक्रार करावी. योजना कॅशलेस आहे. खासगी विम्यासारखे आधी पैसे भरून मग बिल पाठवण्याची पद्धत तिथे नाही. शिधापत्रिका आणि आधार दाखल होतानाच दाखवावे. घाटी रुग्णालयाचा पर्याय तर आहेच, फक्त तिथल्या आयसीयूवर अख्ख्या मराठवाड्याचा भार असतो.

खासगी विमा असेल, तर विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. रुग्णालय नेटवर्कमध्ये नसले तरी जानेवारी २०२४ पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर'ची सोय आहे. मात्र तातडीच्या वेळी भरती झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवावे लागते. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे सोपवा, नाहीतर 'मला वाटले तू केलास' यातच मुदत निघून जाते.

हे सगळे पेशंटच्या घरच्यांनीच शोधत बसायचे का? २०२१ च्या नियमांनुसार राज्यातल्या खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दर लावायचे असतात. त्याच फलकावर आयसीयूच्या तज्ज्ञाचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, दिवसा व रात्री खाटेजवळ थांबणाऱ्या डॉक्टरची पात्रता आणि कोणत्या उपचारांसाठी कार्ड चालते, एवढे मराठीत लिहायला किती खर्च येतो? रुग्णालयाची नोंदणी शहरात महापालिका करते, गावाकडे जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा. नूतनीकरणाचा अर्ज आला की फलकाचा फोटो मागायचा, आणि त्यावरचे नोंदणी क्रमांक परिषदेच्या यादीशी ताडून पाहायचे. हे काम एका कारकुनाला दुपारभरात जमेल.