लाल चिऱ्यांचे कौतुक

गेल्या हिवाळ्यात सहलीच्या निमित्ताने जुन्या गोव्याला जाण्याचा योग आला. बॉम जेझू चर्चसमोर बस थांबताच आमच्यातली अर्धी मंडळी त्या लालभडक भिंतींचे फोटो काढू लागली. मी पडलो कोकणातला. मला आधी आठवला तो गिलावा. आमच्याकडे जांभ्याच्या घराची पावसाकडची भिंत सहसा कोणी उघडी ठेवत नाही. चुन्याचा हात फिरवतात. तेवढी ऐपत नसेल तर निदान झापे तरी बांधतात. चिरा दिसतो दणकट, पण त्याच्या अंगभर भोके असतात आणि पाणी तो पीतच राहतो.

हे बांधणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. १५९४ साली काम सुरू झाले, १६०५ मध्ये चर्च पुरे झाले. कोरीव कामासाठी त्यांनी थेट आपल्या वसईहून काळा दगड नेला आणि चिऱ्याच्या भिंती चुन्याने झाकल्या. कोणता दगड उघडा ठेवावा आणि कोणता झाकावा, याची त्यांना पुरती जाण होती! पुढे १९५० च्या सुमारास बाल्ताझार काश्त्रो नावाच्या पोर्तुगीज तज्ज्ञाच्या सल्ल्याने, वास्तू प्राचीन दिसावी म्हणून, तो गिलावा खरवडून काढण्यात आला. याला म्हणे जीर्णोद्धार! तेव्हापासून दर पावसाळ्यात चिरा झिजतो आहे. २०२० मध्ये चर्चच्या रेक्टरांनीच गिलावा पुन्हा करा अशी जाहीर मागणी केली.

आमच्या एका सरांचे म्हणणे असे, की लाल रूप हाही आता इतिहासच झाला. लोक तेच पाहायला येतात. सरांचा मान राखून विचारतो, साडेतीनशे वर्षांचा पांढरा रंग इतिहास नव्हे काय? रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल आजही पांढरेशुभ्र आहे, म्हणून त्याला कोणी नवे म्हणत नाही. आणि आत सेंट झेवियरच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकाला भिंतीच्या रंगाशी काय कर्तव्य? त्याला छप्पर आणि भिंत शाबूत हवी.

मात्र गिलावा चुन्याचाच हवा. सिमेंट आत शिरलेले पाणी बाहेर पडू देत नाही. मग चिरा आतल्या आत विरतो. चुना भिजवणे, मळणे हे सावकाशीचे काम. ते जाणणारे गवंडी आमच्या गावात आता दोघेच उरले आहेत आणि दोघेही साठीपलीकडचे.