न्हाण आलं म्हणजे बाई झाली?

मागच्या वैशाखातली गोष्ट. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न असल्याचा निरोप सकाळी नऊला आला. आम्ही दोघी कार्यकर्त्या आणि ग्रामसेवक पोहोचलो तेव्हा मुलीला हळद लागलेली होती. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं, शिक्षा, सगळं सांगून झालं. लग्न थांबलं. बापानं कागदावर सही केली. निघताना मुलीचे चुलत आजोबा शांतपणे म्हणाले, "ताई, कायदा तुमचा. पण पोरीला न्हाण कुणी आणलं? सरकारनं? निसर्गानंच सांगितलं न्हवं, पोरगी तयार झाली म्हणून?" मांडवातल्या बायांनी माना हलवल्या. एका शिकल्यासवरल्या पाहुण्यानं भर घातली, "आबा म्हणतात त्यात सायन्स आहे, मॅडम."

"कायदा तो कायदा," एवढंच मी म्हणू शकले. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना मला समुपदेशन शिकवलं, कायदे शिकवले, अहवाल लिहायला शिकवलं. बाईचं शरीर कुठून आलं, ते असं का आहे, हे कुणी शिकवलं नाही. लग्न थांबलं, पण आबांचा मुद्दा मांडवात तसाच उभा राहिला. तो उभा असेपर्यंत ते लग्न फक्त पुढं ढकललेलं आहे, हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून हा लेख. आबांना उत्तर द्यायचं आहे, आणि त्याहून जास्त त्या शिकलेल्या पाहुण्याला.

निसर्ग नेमकं काय सांगतो?

माणूस हा वानरकुळातला प्राणी आहे. चिंपांझी आणि आपण यांचा समाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. आपण चिंपांझीपासून झालो नाही. आपण दोघं एकाच खोडाच्या दोन फांद्या. या कुळात एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपल्याकडे चिंचेवर आणि हरभऱ्यावर येणारी काळ्या तोंडाची वानरी तीन-चार वर्षांची झाली की तिला पिलू होतं. रानातल्या चिंपांझी मादीला पहिलं पिलू व्हायला तेरा-चौदा वर्षं लागतात. आणि माणूस? नॅन्सी हॉवेल या संशोधक बाईंनी १९६० च्या दशकात आफ्रिकेतल्या कालाहारीच्या वाळवंटात शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या कुंग लोकांमध्ये राहून जन्ममृत्यूचा हिशेब मांडला. तिथल्या मुलींना पाळी यायची साधारण साडेसोळाव्या वर्षी, आणि पहिलं मूल व्हायचं एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास. लग्नं तिथंही लवकर लागत. पण शरीर थांबायचं.

म्हणजे लांबलचक बालपण ही माणसाची खूण आहे. मोठा मेंदू घडवायला, शिकायला, चुकायला, खेळायला निसर्गानं आपल्याला जितकी वर्षं दिली तितकी आपल्या जवळच्या नात्यातल्या कुठल्याही प्राण्याला दिली नाहीत. मुलीचं बालपण कापणारा माणूस निसर्गाचं ऐकत नाही. निसर्गानं लाखो वर्षं लावून जे कमावलं, ते तो एका मुहूर्तावर मोडून टाकतो.

आता न्हाणाबद्दल. पाळी हा वाढीच्या वाटेवरचा टप्पा आहे, मुक्काम नाही. सुरुवातीची एक-दोन वर्षं बऱ्याच मुलींच्या पाळ्यांमध्ये बीजच तयार होत नाही. शिवाय पाळीचं वय काही दगडावर कोरलेलं नाही. खाणंपिणं सुधारलं की ते अलीकडे येतं. युरोपातही दीडशे वर्षांपूर्वी ते आजच्यापेक्षा बरंच उशिराचं होतं. ताटातल्या भाकरीनुसार जी घंटा मागेपुढे होते, तिला लग्नाचा मुहूर्त कसा म्हणायचा?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंबरेचं हाड. इथिओपियात १९७४ साली सापडलेल्या 'ल्यूसी'ची हाडं साधारण ३२ लाख वर्षांपूर्वीची आहेत. तिचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूहून फारसा मोठा नव्हता, पण ती दोन पायांवर चालत होती. दोन पायांवर चालणाऱ्या शरीराचं कटीचं हाड वेगळ्या घडणीचं झालं. पुढे त्याच वाटेनं मोठ्या डोक्याचं मूल बाहेर यायचं, म्हणून बाळंतपण अवघड झालं. मूल आत वळत वळत बाहेर येतं, आणि आईला बहुधा दुसऱ्या बाईचा हात लागतो. सुईणीचं काम हे माणसाच्या जातीतलं फार जुनं काम असावं.

या कटीच्या हाडाची वाढ पाळी आल्यावर थांबत नाही. उंची वाढायची जवळजवळ थांबते, तरी ती पुढं काही वर्षं चालू असते. म्हणून पंधराव्या वर्षी मुलगी आईएवढी उंच दिसते, पण बाळंतपणाची वाट अजून पुरती घडलेली नसते. त्यात अंगात रक्त कमी, लहानपणापासून पोट अर्धं. मग मूल अडतं. अडलेल्या बाईला जीपमध्ये घालून तालुक्याला पळवताना आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलं आहे! तेव्हा मात्र "निसर्गानं सांगितलं होतं" असं म्हणायला कुणी आबा पुढं येत नाही.

तेव्हा पाहुणे, सायन्स आहे. पण ते आबांच्या बाजूनं नाही.

कवट्या मोजणारी बाई

"निसर्गानंच ठरवलंय" हे वाक्य नवं नाही. ज्याच्या हातात सत्ता, त्याच्या तोंडी ते शोभून दिसतं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. पुढं नाझींना अशाच लोकांच्या 'शास्त्रा'चा आधार झाला. गोऱ्या युरोपियनांची कवटी दोन्ही बाजूंनी जास्त असमान असते आणि त्याचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असं त्यांचं अनुमान. ते तपासायचं काम या पंचविशीच्या आतबाहेरच्या मराठी मुलीकडे आलं. तिनं १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं: कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, गुण देणारा हात गुरूचा असताना. गुण कमीच मिळाले.

इरावतीबाईंचं सगळंच आपण मान्य करावं असं नाही. पुढं महाराष्ट्रात त्यांनी जातवार डोकी आणि नाकं मोजली. जात हा शरीराचा गट धरून चालावं का, हा प्रश्न आज त्यांना विचारलाच पाहिजे. पण बर्लिनमधला तो धडा आपल्या कामाचा आहे. "निसर्गाचा नियम" म्हणून कुणी काही पुढं केलं, तर मान खाली घालायची नाही. मोजपट्टी घ्यायची.

अशी मोजपट्टी नंतरही बायांनी घेतली. १९६६ साली शिकागोत एक मोठी परिषद भरली आणि 'शिकारी पुरुष' हा उत्क्रांतीचा नायक ठरला. पुरुषानं शिकार केली, म्हणून मेंदू वाढला; बाई गुहेत पोरं सांभाळत बसली! १९७० च्या दशकात स्त्री-अभ्यासकांनी विचारलं, मग रोजचं पोट कुणी भरलं? त्याच कुंग लोकांचं निम्म्याहून जास्त अन्न गोळा केलेलं होतं, आणि ते मुख्यतः बायांनी गोळा केलेलं होतं. २०२० साली पेरूमधल्या उत्खननाची माहिती प्रसिद्ध झाली: साधारण ९,००० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका तरुण बाईशेजारी शिकारीची हत्यारं ठेवलेली होती.

एक सावधगिरी आपणही बाळगू. चिंपांझींमध्ये नर वरचढ असतात; तितक्याच जवळच्या नात्यातल्या बोनोबोंमध्ये माद्या एकजुटीनं नरांना आवरतात. म्हणून "बघा, बोनोबो आपल्या बाजूनं!" असं म्हणायचा मोह होतो. तो टाळावा. वानरांमध्ये टोळी ताब्यात घेणारा नर कधीकधी पिलं मारतो, हे १९६० च्या दशकात धारवाडजवळ आणि नंतर अबूला अभ्यासकांनी नोंदवलं. तो काही आपल्यासाठी नियम होत नाही. निसर्गात काय घडतं हे विज्ञान सांगेल. आपण कसं वागायचं, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

धडा कुणी गाळला?

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, जाहीरपणे म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त चूक आहे, कारण माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी लगेच एकत्र पत्रक काढून त्यांना खोडून काढलं. पण २०२३ साली केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेलीच. आपल्या राज्याच्या दहावीच्या, २०१८ सालच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. मात्र आमच्या किशोरी वर्गातल्या मुली सांगतात, "सरांनी म्हटलं, घरी वाचा." आणि आमच्या जिल्ह्यात किती मुली दहावीच्या पहिल्या धड्यापर्यंत पोहोचतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणीतल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास.

गंमत बघा. पुस्तकातलं विज्ञान नको असतं, यंत्रातलं लगेच हवं असतं. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, ही शंभराहून जास्त वर्षं जुनी माहिती घराघरात पोहोचली नाही. सोनोग्राफी मात्र रस्ता नसलेल्या गावालाही सापडली. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. 'वंशाला दिवा' म्हणून हे चाललं. पण पेशीतला एक धागा असा आहे की तो फक्त आईकडून लेकरांना मिळतो आणि पुढं फक्त लेकच चालवते. १९८७ साली त्याच धाग्याच्या आधारानं संशोधकांनी जगातल्या सगळ्या माणसांचं मूळ आफ्रिकेतल्या एका आईपर्यंत नेऊन दाखवलं. बापाकडून लेकाकडे जाणारा धागाही आहेच. पण वंश एकट्या मुलानं चालतो, हे हाडामांसात कुठंही लिहिलेलं नाही.

आबांवर माझा राग नाही. निसर्ग ही वर पांघरलेली शाल आहे, खाली दुसरंच आहे. दिवाळीनंतर घर ऊसतोडीला जातं. उचल मिळते ती जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. तरुण पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? शाळा सातवीपर्यंत, पुढं एसटी नाही. वय वाढलं की हुंडा वाढतो. हे खरे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं हंगामी वसतिगृहात, मुलींच्या बसमध्ये आणि मजुरीच्या दरात आहेत, आणि ती सरकारकडून आणि कारखानदारांकडून वसूल करावी लागतील. पण "निसर्गानंच सांगितलं" हे वाक्य मध्ये उभं असलं की या मागण्यांपर्यंत कुणी पोहोचतच नाही. सगळा दोष न्हाणाचा!

म्हणून मैत्रिणींनो, एक सुचवते. किशोरी वर्गात पाळीचा धडा घेतो तिथं थांबू नका. पुढं हाडांचा धडा घ्या. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, पहिला धडा शिकवला का? मुलींच्या आयांना आणि सुईणींना बोलावून विचारा, पहिल्या बाळंतपणात तुमचं वय काय होतं आणि काय सोसलं? त्यांचं उत्तर कुठल्याही पुस्तकाएवढंच पुराव्याचं आहे.

ती मुलगी सध्या आमच्या वर्गाला येते. मागच्या महिन्यात तिनं विचारलं, "ताई, माझं कंबरेचं हाड अजून वाढतंय म्हणता, हे आमच्या आबांना सांगाल का?" मी म्हटलं, "आपण दोघी मिळून सांगू. पण बोलायचं तू."