धुक्यातल्या घारी आणि पोस्टरवरची कोरी जागा

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की आपल्या शाळेत रंगीत कागद संपतो. त्याला माझी हरकत नाही. पोस्टरवर जागा कोरी राहिली तर गुण जातील, या भीतीला मात्र आहे. ती मुलांना असते, आणि क्षमा असावी, पालकांना जरा जास्तच असते.

यंदा एका गटाने मेसमागच्या घारी मोजल्या. रोज पीटीनंतर, एकाच जागी उभे राहून, पंधरा मिनिटे. पद्धत चोख. पण जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात समोरचा ध्वजस्तंभ दिसत नाही, तिथे घार कुठली दिसणार! त्या तारखांपुढे काय लिहायचे? एक कॅडेट म्हणाला, “सर, शून्य लिहू.” दुसरा म्हणाला, “आदल्या दिवसाचा आकडा टाकू, आलेख तुटणार नाही.”

दोन्ही मला मान्य नाही. शून्य म्हणजे नीट पाहिले आणि घार नव्हती. कोरे म्हणजे पाहताच आले नाही. पहाऱ्यावरचा जवान ‘हालचाल नाही’ आणि ‘काही दिसत नाही’ हे एकच समजून कळवू लागला तर?

शून्याची किंमत गिधाडांनी दाखवून दिली आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ज्या रस्त्यांवरून ती मोजली होती, त्याच रस्त्यांवर संशोधक पुन्हा पुन्हा गेले. २००७पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक त्यांना मारते, हे पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून २००४ साली पुढे आले आणि २००६मध्ये भारताने गुरांसाठी ते बंद केले. त्या मोजणीत न पाहताच शून्ये भरली असती, तर तिच्यावर विश्वास कोणी ठेवला असता?

गटाच्या पोस्टरचे पहिले शीर्षक होते ‘दिल्लीत घारी वाढल्या!’ तेही मी बदलायला लावले. हिवाळ्यात मध्य आशियातल्या घारी हिमालय ओलांडून दिल्लीत येतात; उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून त्यांचा माग काढलेला आहे. डिसेंबरात आकडा चढला म्हणून इथल्या घारी वाढल्या असे होत नाही. आता शीर्षक आहे ‘मेसमागे सकाळी किती घारी?’ सहा फुटांवरून वाचता येते, आणि तेवढेच पोस्टर सांगते. नेटवरचा गरुडही काढला. तो घार नव्हताच.

आलेखात धुक्याच्या तारखांवर राखाडी पट्टे आहेत. खाली लिहिले आहे, ‘मोजणी झाली नाही’. परीक्षक विचारतीलच. दोघे कॅडेट तिथे उभे असतील.