भरल्या देहातील उपासमार

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीचे देवालय उंचवट्यावर उभे आहे आणि तेथे पोहोचण्यासाठी 52 दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. 1739 मध्ये वसईची मोहीम फत्ते झाल्यावर चिमाजी अप्पांच्या नवसाची फेड म्हणून हे देवालय बांधले गेले, असे सांगतात. जवळच तानसा नदीच्या परिसरात अकलोली व गणेशपुरी येथे उष्णोदकाची कुंडे आहेत आणि सांधेदुखीने व त्वचारोगांनी गांजलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे स्नानास येत आली आहेत. पायऱ्यांच्या मध्यावर गुडघ्यावर हात टेकून उभा राहणारा यात्रेकरू हे तेथील नेहमीचे दृश्य होय. त्याच्या दुखण्याचे कारण बहुधा वाढलेल्या वजनात शोधले जाते. हाडांना व रक्ताला जे मिळावयास हवे ते मिळत नाही, हेही एक कारण असू शकेल, ही शंका मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

स्थूल माणूस सुपोषित असतो, हा समज खोल रुजलेला आहे. कुपोषण म्हटले की जव्हार-मोखाड्यातील हाडकुळे मूल डोळ्यांपुढे येते आणि ते येणे योग्यच आहे. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रिया अतिवजनाच्या वा स्थूल आढळल्या आणि त्याच वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हे दोन गट परस्परांपासून सर्वस्वी अलग असणे शक्य नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचाही देहभार निर्देशांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 22.3 इतकाच होता. तरीही शरीरातील चरबीचे प्रमाण यडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के निघाले. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व अपुरे आढळले आणि ही उणीव शहरी मध्यमवर्गात सर्वाधिक होती. वरणभात, पोळीभाजी आणि दिवसाकाठी चार कप चहा यांवर चालणाऱ्या सुखवस्तू घरातली ही स्थिती आहे.

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. महाराष्ट्रातील शहरांत ही शस्त्रक्रिया आता नवलाची राहिलेली नाही. तिच्या एका प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून टाकतात. दुसऱ्या प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून अन्नाला लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाला वळसा घालावयास लावतात. अन्नातील ब-12 मोकळे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते आणि ते शोषले जाण्यासाठी जठराच्या अस्तरातून स्रवणारे एक विशिष्ट द्रव्य लागते. लोह व कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभी होते. म्हणजे आवक ज्या दरवाजाने होते तोच अरुंद होतो. निरोगी माणसाच्या यकृतात ब-12चा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो. पण मुळातच शिल्लक नसलेल्या खात्याची आवक घटविली, तर दिवाळे निघण्यास विलंब लागत नाही. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण होणे अशी लक्षणे दिसू लागतात आणि उपचारास फार उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची ठरू शकते. नुसत्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्या, तर रक्त सुधारल्याचे दिसते आणि आतली हानी मात्र चालूच राहते.

म्हणूनच पूर्वतयारी हा उपचाराचाच अर्धा भाग होय. तीत रक्तातील लोह, ब-12, फॉलिक आम्ल, थायमिन, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांची तपासणी यावयास हवी. उन्हाच्या या देशात ड जीवनसत्त्वाची वाण सार्वत्रिक आहे. स्थूल देहात ते चरबीत अडकून पडत असल्याने रक्तात आणखीच कमी मिळते. ही उणीव भरून काढण्यास साधारणतः दोन महिने, तर लोहाची भरून काढण्यास त्याहूनही अधिक काळ लागतो. मधुमेहावर मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावर दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांत ब-12 आणखी घटते. याखेरीज धूम्रपान सोडणे आणि यकृताचा आकार आटोक्यात यावा म्हणून सुमारे दोन आठवडे अल्पोष्मांकी, प्रथिनयुक्त आहार घेणे हेही या तयारीत येते. 2017 मध्ये इजिप्तची इमान अहमद ही सुमारे 500 किलो वजनाची म्हणून जगभर गाजलेली रुग्णा मुंबईत आणली गेली. ती 11 फेब्रुवारीस आली आणि शस्त्रक्रिया 7 मार्चला झाली. मधला काळ देहाची तयारी करण्यात गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबी येथे तिचे निधन झाले. इतक्या निकडीच्या रुग्णाबाबतही जी घाई शल्यविशारदांनी केली नाही, ती शंभर-सव्वाशे किलोच्या लिपिकाने अथवा शिक्षकाने का करावी?

या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. शस्त्रक्रिया हा एकरकमी भांडवली खर्च होय. तो काही लाखांचा असतो, डोळ्यांत भरतो आणि विम्याच्या कक्षेत येऊ शकतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, इंजेक्शने व वार्षिक तपासण्या हा जन्मभराचा आवर्ती खर्च होय. तो रकमेने लहान, पण न संपणारा असतो, आणि तो बहुधा रुग्णाच्या खिशातूनच जातो. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये स्थूलतेच्या शस्त्रक्रियेसाठी निर्देशांक 40, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास 35, अशी अट घातली. सौम्य उपाय आधी अयशस्वी झालेले असावेत, असेही बंधन घातले. परंतु रुग्णाची पोषणस्थिती तपासून सुधारली आहे काय, हा प्रश्न त्या अटींत नाही. धरण बांधावयास निधी मिळावा आणि कालव्यांच्या देखभालीस मिळू नये, या परिचित रोगाचेच हे रूप आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, उपाशी आदिवासी पाडे शेजारी असताना स्थूलांच्या जीवनसत्त्वांची चिंता सरकारने का वाहावी? पण दोहोंचे मूळ एकच आहे. स्वस्त धान्य, साखर व तेल मुबलक, आणि डाळी, दूध, अंडी, भाज्या महाग, अशा बाजारपेठेत गरिबाचे पोट रिकामे राहते आणि मध्यमवर्गीयाचे भरते. पोषण मात्र दोघांचेही होत नाही. दुसरा आक्षेप असा की, तयारीत दिवस घालविल्याने मधुमेह व हृदयविकार बळावतील. तो अगदीच गैरलागू नाही. परंतु तपासणी पहिल्याच भेटीत झाली, तर उणीव भरून काढण्याचे काम इतर तयारीबरोबरच चालू शकते. दिवस वाया जातात ते तपासणी आयत्या वेळी केल्याने.

तेव्हा तीन गोष्टी व्हावयास हव्यात. शस्त्रक्रियेच्या विम्यात पूर्वतपासणी आणि नंतरच्या किमान काही वर्षांची जीवनसत्त्वे अंतर्भूत असावीत. ब-12 व ड यांची तपासणी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात परवडणाऱ्या दरात मिळावी. आणि ‘वजन घटवा’ असे सांगणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत नंतर जन्मभर चालवावयाच्या खर्चाचा आकडा तितक्याच ठळकपणे छापणे बंधनकारक असावे. भूक मारणारी, टोचून घ्यावयाची नवी औषधे 2025 पासून देशात मिळू लागली आहेत. त्यांनीही जेवण निम्म्यावर येत असेल, तर उरलेल्या निम्म्यात काय आहे, हा प्रश्न उरतोच.

वज्रेश्वरीच्या पायऱ्यांवर धाप लागलेल्या माणसाला वजनाचा भार दिसतो, कारण तो काट्यावर मोजता येतो. रक्तातील उणे बाकी त्या काट्यावर उमटत नाही. ती शस्त्रक्रियेपूर्वी तपासली, तर काही महिन्यांत फेडता येते. नंतर कळली, तर तिचे व्याज देहाला भरावे लागते.